चार बोटं आखूड

“अहो, हलू नका! टोचलं तर म्हणाल, बायकोनेच भोसकलं,” दातांत टाचण्या धरून ती करवादली. हौशी नाटकात नवरा सेनापती होणार होता आणि रंगीत तालीम संध्याकाळवर आली होती. टोपी तिने पातेल्यावर बेतून एकदाची बसवली. पण खांद्यावरच्या झग्याची किनार दोनदा उसवूनही याचं समाधान होईल तर शपथ. कारखाना बंद पडल्यापासून तो पोक काढूनच वावरायचा आणि माप तिने त्या वाकलेल्या पाठीवरच घेतलं होतं. शेवटचा टाका घालून तिने टोपी त्याच्या डोक्यावर चढवली. आरशात बघता बघता त्याची मान वर आली, पाठ ताठ झाली आणि किनार चार बोटं वर सरकली. “आखूड झाला की गं! असू दे, मी वाकूनच चालेन.” “खबरदार वाकलात तर!” डोळे वटारत तिने किनार तिसऱ्यांदा उसवायला घेतली.