उजवा हात वर

या, जरा जवळ सरकून बसा. आयर्लंडातल्या टिपररीकडच्या एका माणसाच्या शेवटच्या सकाळची गोष्ट सांगतो. छोटीच आहे, पण मन लावून ऐका.

मॅलाची क्विर्क शवपेटीत निजला होता. चर्चची पहिली घंटा झाली, तरी अंगणातले चौघे खांदेकरी आत येईनात.

त्या गावी हर्लिंग, म्हणजे तिकडचा काठी-चेंडूचा खेळ, खेळलेल्याला हर्लिंगवालेच खांदा देत. मॅलाचीच्या बापालाही त्यांनीच दिला होता. पण मॅलाची पुढे क्रिकेटही खेळला. आयर्लंडकडून नऊ सामने. परक्या इंग्रजांचा खेळ खेळला म्हणून हर्लिंगच्या मंडळाने त्याचं नाव खोडलं. तिकडे क्रिकेटवाले साहेब हसत, की हा बॅटसुद्धा हर्लिंगच्या काठीसारखी धरतो, उजवा हात वर.

नाव खोडणारा चिटणीस फिंटन लाहार्ट, मॅलाचीचा शाळासोबती, आत आला. भिंतीशी टेकवलेल्या झाकणावर मॅलाचीची हिरवी क्रिकेटची टोपी होती. तेवढी काढ, म्हणजे पोरं येतील, असं तो मॅलाचीच्या बहिणीला म्हणाला.

"आयर्लंडचीच टोपी आहे ना रे ती?" ब्रीजिड म्हणाली. "का आयर्लंडही आता परकं झालं?"

नियम आहे बाई, फिंटन म्हणाला.

ब्रीजिडने टोपी उचलली, त्याच्याकडे पाठ केली आणि पेटीवर वाकली. भावाला बापासारखं खांद्यावरून न्यायचं होतं तिला, गाडीवरून नव्हे.

झाकण लावण्याआधी फिंटन निरोप घ्यायला पुढे झाला. मॅलाचीच्या जपमाळ गुंडाळलेल्या हातांखाली ती टोपी होती. तिच्यावरची आयर्लंडची तीन पानांची खूण बोटांमधून दिसत होती.

ब्रीजिडने डोळे मिटून घेतले.

फिंटनने मॅलाचीचा उजवा हात अलगद उचलला आणि डाव्याच्या वर, बरोबर त्या पानांवर ठेवला. जपमाळ पुन्हा नीट गुंडाळली.

"असाच हात वर धरायचास, गाढवा," तो पुटपुटला. "साहेबांचं ऐकलं नाहीस, आमचंही नाहीस."

मग त्याने झाकण लावलं, पोरांना हाक मारली आणि पुढचा खांदा स्वतः घेतला.

देवापुढे हात जोडाल तेव्हा मॅलाची क्विर्कची आठवण करा. आणि जमलं तर, त्याचं नाव खोडणाऱ्या फिंटनचीही.