वांदोवालीची सून

"या नावाची बाई त्या गावात राहतच नाही," कोरियाच्या व्हिसा कचेरीतला साहेब म्हणाला आणि त्याने पेन खाली ठेवलं.

चान्थूला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली. सहा वर्षं ती त्याच गावात भात लावत होती, मिरच्या वाळवत होती, सासूची बोलणी खात होती. शेजारी चाकाच्या खुर्चीत तिचा नवरा गाप्सू बसला होता. वसंतात त्याच्या अंगावरून वारं गेलं आणि वाचाही गेली. तोवर दर खेपेला तिचा व्हिसा वाढवायला तोच सोबत यायचा आणि "ही माझी बायको" म्हणून सांगायचा. आता सांगणार कोण? उद्या त्याचं काही बरंवाईट झालं, तर आपल्याला कंबोडियाच्या विमानात बसवतील, ही धास्ती तिला झोपू देत नव्हती. म्हणून तिला कायमच्या वास्तव्याचं कार्ड हवं होतं. कुणाच्या जिवावर नाही, स्वतःच्या नावावर.

"मी स्वतः बुधवारी चौकशीला आलो होतो," साहेब म्हणाला. "घराला कुलूप."

"बुधवारी मी यांना दवाखान्यात नेते, साहेब. हातापायांचा व्यायाम असतो."

"तसं सगळेच सांगतात. मग मी गावच्या सभाघरात गेलो. तिथे आजीबाई लसूण सोलत बसल्या होत्या. चान्थू नावाची बाई कुठे राहते, विचारलं. कुणालाच ठाऊक नाही. परदेशी बाई आहे म्हटलं, तर म्हणाल्या, आमच्या गावात परदेशी कुणी नाहीच." त्याने अर्जावर बोट आपटलं. "लग्न कागदावर आणि बाई शहरातल्या कारखान्यात, अशा भानगडी आम्ही रोज बघतो."

चान्थूच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या म्हाताऱ्यांच्या पाठी तिने चोळून दिल्या, त्यांनी एका शब्दाने तिला गावाबाहेर काढलं होतं. गाप्सू खुर्चीच्या दांड्यावर चांगला हात आपटत राहिला. घशातून नुसता घरघर आवाज आला.

इतका वेळ सासू भिंतीकडच्या बाकावर डोळे मिटून बसली होती. झोप लागली असेल असंच सगळ्यांना वाटलं होतं. तिने एक डोळा उघडला.

"तू कुठला रे पोरा?"

"सोलचा, आजी."

"तरीच. बिनअंगणाच्या घरात वाढलास." तिने पिशवीतून मोबाईल काढला, सभाघराचा नंबर लावला आणि फोन त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. "मी बोलत नाही, नाहीतर म्हणशील म्हातारीने पढवलं. तूच विचार. कांपोतवाली कुठे आहे, एवढंच विचार."

साहेबाने नाइलाजाने विचारलं.

"कांपोतवाली?" फोनमधून लसणाइतकाच झणझणीत आवाज आला. "ती सकाळीच नवऱ्याला न् सासूला घेऊन शहरात गेलीय. भेटली तर सांगा, लवकर ये म्हणावं. सगळ्या गावाचा कोबी मिठात पडलाय. किमचीचा मसाला ती कालवते. मागल्या साली हेनामवालीने हात घातला, तर वर्षभर खारट खाल्लं आम्ही."

"मी खारट केला? तुझ्याच जिभेला हाड नाही," मागून दुसरी करवादली.

साहेबाने चान्थूच्या अर्जाकडे पाहिलं. जन्मगाव: कांपोत.

"आमच्याकडे सून नांदायला लागली, की तिला माहेरच्या गावाने हाक मारतात," सासू म्हणाली. "चार दिवसांच्या पाहुणीला नाही, नांदणारीला."

चान्थूला ती पहिली थंडी आठवली. कोबीचं मसालेदार पान सासूने तिच्या तोंडात कोंबलं होतं आणि बायकांना बजावलं होतं, आजपासून ही कांपोतवाली. तेव्हा ती रात्री उशीत तोंड खुपसून रडली होती. आपलं नावही या लोकांनी काढून घेतलं, आपण परक्या मुलखातल्या हे रोज ऐकवायची सोय केली, असंच तिला वाटलं होतं. ती सल तिने कधी कुणाला दाखवली नव्हती. आता तिने सासूकडे पाहिलं, तर म्हातारी छताकडे बघत होती.

"पण आजी, सहा वर्षांत कुणाला खरं नाव ठाऊक नसावं?" साहेबाने विचारलं.

"मग आता त्यांना माझं विचार. मी वांदोवाली."

साहेब फोनवर वाकला. "बरं, वांदोवालीचं खरं नाव काय हो?"

पलीकडे गडबड उडाली. "सुनजा ना गं?" "छे, सुनजा तिची जाऊ होती. देवाघरी गेली." "मग हिचं काय?" शेवटी पहिलीच वैतागून म्हणाली, "साठ वर्षं शेजारी राहतो आम्ही. नाव कोण विचारत बसलंय?"

सासूने पाठ ताठ केली. "ली बाँगन्ये माझं नाव. लिही, ही बाईसुद्धा त्या गावात राहत नाही."

गाप्सू हसला. तोंड एकाच बाजूला गेलं, पण वसंतानंतर तो पहिल्यांदाच हसला होता. चान्थू रडता रडता हसायला लागली आणि तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला. साहेबाने पेन उचललं, अर्जाच्या तळाशी चार ओळी लिहिल्या आणि शिक्का शाईवर दाबला.

फोन अजून चालूच होता.

"अहो, आवाज ओळखला मी," पलीकडून म्हातारी म्हणाली. "त्या दिवशी आलेले तुम्हीच ना? ती तुमची परदेशी बाई सापडली का शेवटी?"

साहेबाने शिक्का मारला.

"नाही, आजी. तुमच्या गावात परदेशी कुणी नाहीच."