पिलांची राखण

कावळा भिंतीवर येऊन बसला, तशी जोतिरामआप्पांनी डाव्या हातातली काठी घट्ट धरली. उजवा हात मांडीवर पडून होता. सहा महिन्यांमागं लकव्याचा झटका आला, तेव्हापासून तो तसाच पडून असतो, उजवा पायही.

परड्यात कोंबडी सात पिलांना घेऊन माती उकरत होती. सोमवारी पिलं अकरा होती. सून स्वरूपा अंगणवाडीत शिकवायला जाते. निघताना पिलं डालग्याखाली झाकून जाते म्हणायची, तर आप्पाच अडवायचे. "सोड भाईर. मी हाय की." अख्ख्या घरात एवढं एकच काम त्यांनी मागून घेतलं होतं. आज मात्र चप्पल घालता घालता ती म्हणाली होती, "आता एक जरी गेलं न्हवं आप्पा, तर उद्यापासनं झाकायची बघा."

म्हणून सकाळपासून आप्पांच्या जिवाला चैन नव्हतं.

पहिल्या दिवशी नुसती काठी आपटली तरी हाच कावळा पार चिंचेवर पळाला होता. पण कावळ्याला अक्कल उसनी आणावी लागत नाही. खुर्चीतला माणूस ओरडतो, पण उठत नाही, हे त्याला दोन दिवसांत कळलं. डॉक्टरांना तेच सांगायला महिना लागला होता.

"हाऽड! हाऽड!" आप्पा ओरडले. कावळ्यानं मान तिरकी करून ऐकून घेतलं.

भिंतीपलीकडं शेजारच्या बायाक्का कपडे वाळत घालत होत्या. "काय वो आप्पा, ऐकंना व्हय? कन्नडात सांगून बघा की. आमच्या शामूचं हापिसातलं काम तसंच झालं."

एरवी आप्पा हसले असते. निपाणीच्या तंबाखू वखारीत त्यांची एक हाक पडली की चाळीस माणसं गप व्हायची, मराठी काय नि कन्नड काय. जड जिभेनं त्यांनी तेही करून बघितलं. "होगो! होगो ले!"

कावळा गेला नाही. उलट खाली उतरला.

कोंबडी पिसं फुलवून अंगावर धावली. तो बाजूला झाला आणि वळसा घालून खुर्चीकडं आला. पिलं भेदरून आप्पांच्या पायांत शिरली. आप्पांना बरं वाटलं. आता ये म्हणावं, बघतोच तुला. त्यांनी काठी उगारली, ती खुर्चीच्या हातावर आपटली आणि सुटून खाली पडली. वीतभर लांब. आप्पा वाकले, हात पोचेना. उठायला गेले तर खुर्चीच कलंडायला लागली, म्हणून पुन्हा टेकले.

तेवढ्यात कावळा त्यांच्या उजव्या पायापाशी आला. बरोबर उजव्याच. एक पिलू उचललं आणि गेला.

आप्पा त्या रिकाम्या भिंतीला शिव्या देत राहिले. बायाक्कांनी बादली उचलली आणि त्या आत गेल्या.

स्वरूपा दीड वाजता आली. तिनं पिलं बघितली, मग खाली पडलेली काठी बघितली. ती उचलून तिनं आप्पांच्या हातात दिली. चिडली असती तर बरं झालं असतं.

"असू दे आप्पा. झाकून तरी किती झाकायची, गुदमरून मरतील. हितं एक बुजगावणंच उभं करतो. तुम्ही आपलं आत निवांत पडा, ऊनबी लई झालंय." ती आत जाता जाता थांबली. "तुमचा एखादा जुना सदरा घालतो त्याला. तुमचाच पायजे. कावळा तुमाला वळखतोय न्हवं, भिईल."

कावळा आपल्याला किती ओळखतो, हे आप्पांएवढं कुणाला माहीत होतं?

आत पेटी उघडल्याचा आवाज आला. "ह्यो निळा चालंल काय वो, आप्पा?"

ती सदरा घेऊन दारात आली. आप्पांनी काठी खाली ठेवली होती. मान खाली घालून, डाव्या हातानं, ते अंगातल्याच सदऱ्याच्या गुंड्या काढत होते. पहिलीच निघत नव्हती.