आर यू थ्रू?

"आर यू थ्रू?" टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दूरचे कॉल जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावरच्या इंदूताईंनी नेहमीप्रमाणे विचारलं. धरणाच्या कामावरचा अमेरिकन इंजिनिअर लाइनवर होता. त्याची आई तिकडे न्यूयॉर्कला शेवटच्या घटका मोजत होती.

"नो, नो," तो घाईने म्हणाला. कॉल जुळलाच नाही असं समजून ताईंनी पुढची लाइन तोडली.

तो संतापला. "आत्ता कुठे आईचा आवाज ऐकला होता. बोलणं संपलं नाही म्हणालो, तरी तोडलंत?"

शेजारच्या मुली घाबरल्या. ताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आम्ही इंग्रजांचं इंग्रजी शिकलो. त्यात 'थ्रू' म्हणजे लाइन जुळली. तुमच्याकडे त्याचा अर्थ बोलणं संपलं असा होतो, हे मला आज कळलं. चूक माझी आहे. फोन ठेवू नका."

अमेरिकेचे कॉल लंडनमार्गे जात. तिथल्या ऑपरेटरला त्यांनी इतक्या आर्जवाने सांगितलं, की त्याने रांगेतले बाकीचे कॉल थांबवून न्यूयॉर्क पुन्हा जोडून दिलं.

या वेळी ताईंनी काहीच विचारलं नाही. पलीकडून एका म्हातारीने मुलाला हाक मारलेली ऐकू येताच त्यांनी कानावरचा हेडफोन अलगद काढला आणि मांडीवर ठेवला.