व्हिसावरचं नाव

"व्हिसावर या कंपनीचं नाव आहे. अजून तिथेच काम करता?"

विमानतळावर काचेपलीकडच्या अधिकाऱ्यानं तिच्या पासपोर्टवर बोट ठेवलं. मागे रांगेत शंभरेक माणसं ताटकळत होती. "हो" म्हटलं की शिक्का, आणि शिक्का बसला की सरळ बाहेर.

ती कृत्रिम पाय बनवायची. पाच वर्षं इथे परदेशात काकांच्या कारखान्यात होती. काका म्हणजे मालक. नात्यातले नव्हेत, पण घरापासून लांब आलेल्या सगळ्यांचेच काका. दीड महिन्यापूर्वी तिनं रीतसर सरकारी परवानगी काढून दुसऱ्या ठिकाणी नोकरी धरली. तिच्यामागोमाग काकांचे पाच-सहा पेशंटही तिकडे आले. व्हिसावर नाव तेवढं जुनंच राहिलं. तेवढ्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती आठ दिवसांसाठी मायदेशी गेली.

परतीच्या आदल्या दिवशी काकांचा फोन आला. बाबांची विचारपूस झाली, विमान कुठलं, किती वाजता उतरतं तेही विचारून झालं. मग म्हणाले, "पोरी, तिथे नव्या नोकरीचं पुराण लावू नकोस. कागद चिवडत बसतील नि परत पाठवतील. जुन्याच ठिकाणी आहे म्हण. पुढचं मी बघून घेतो."

दादाला ते पटलं. "घरच्यासारखा माणूस सांगतोय, ऐक. उगाच हरिश्चंद्र होऊ नकोस."

बॅग भरताना तिनं नव्या परवानगीचा कागद मात्र सगळ्यात वर ठेवला. मापात केसभर लबाडी केली की आठवड्यात पायाला जखम होते, हे तिच्या हातांना पाठ होतं. आणि लपवावं असं तिनं केलं तरी काय होतं?

"नाही," ती म्हणाली. "ती नोकरी दीड महिन्यापूर्वी सोडली. ही नवी परवानगी."

अधिकाऱ्यानं समोरच्या पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पासपोर्ट घेऊन तो उठला. "माझ्याबरोबर या."

बाजूच्या खोलीत ती वीस मिनिटं बसून होती. दादा म्हणेल, सांगत होतो ना! मग तिनं उद्याचं काम आठवलं. एका शिक्षिकेला नव्या पायावर पहिल्यांदा उभं करायचं होतं. नऊची वेळ दिली होती. पोचायचंच, असं तिनं ठरवून टाकलं आणि ताठ बसली.

अधिकारी परत आला. पासपोर्टवर शिक्का होता.

"कागद चोख आहेत. मघाशी 'हो' म्हणाला असता, तर मात्र पुढच्याच विमानानं परत. वर पाच वर्षं बंदी."

"पण तुम्हाला कसं कळलं असतं?"

त्यानं हातातलं पत्र तिच्यापुढे धरलं. 'ही बाई आता आमच्याकडे नाही. तरी आमचंच नाव सांगून आत शिरू पाहील.' पुढे तिच्या विमानाचा नंबर, उतरायची वेळ. तारीख फोनच्या दिवसाची. खाली काकांची ठसठशीत सही.

तिनं ते दोनदा वाचलं.

"हे गृहस्थ तुमचे कोण?" अधिकाऱ्यानं विचारलं.

तिनं पासपोर्ट उचलला, पर्समध्ये ठेवला, चेन लावली.

"जुने मालक," ती म्हणाली.