आवाज न चढणारं घर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शाल्मली देवस्थळीकाकूंकडे गेली, तर काकूंनी तिच्याआधी भिंतीवरच्या बंदुकीला हळदीकुंकू लावलं. मोठा आवाज झाला की तिकडे नळी वळवणारी, आणि तो थांबला नाही तर स्वतःच गोळी झाडणारी ही बंदूक वर्षभरात सोसायटीत घरोघरी आली होती. राहिलं होतं ते एकट्या शाल्मलीचं घर.

"घेऊन टाक गं," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "चोराचं सोड, घरातली भांडणं कशी बंद झाली बघ! सूनबाई चकार शब्द काढत नाही."

सून हसली. त्या हसण्याची शाल्मलीला शिसारी आली.

तेवढ्यात काकूंची चिमुरडी नात धावताना टेबलावर धाडकन आपटली. नळी गर्रकन तिच्याकडे वळली. कपाळातून रक्त येत असताना पोरीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं. नळी परत फिरेपर्यंत तिची आईसुद्धा जागची हलली नाही.

"शहाणी गं माझी बाय!" काकू कौतुकानं पुटपुटल्या आणि त्यांनी शाल्मलीच्या हातावर लाडू ठेवला. "तिळगूळ घे, गोड बोल."

शाल्मलीच्या जिभेवर शिवी आली. तिनं नळीकडे पाहिलं, आणि लाडवाबरोबर ती शिवी गिळून टाकली.