पाण्याचा दिवस

फोन वाजला तेव्हा पद्मजाबाई विहिरीत वाकून बघत होत्या, आणि विहीर चर्चच्या आत होती.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या त्या जुन्यापुराण्या कॅथेड्रलमध्ये माणसं श्वाससुद्धा जपून घेत होती. डोक्यावर उंच टोकदार कमानी, रंगीत काचांतून झिरपणारा उजेड, आणि त्यात पद्मजाबाईंच्या पर्समधली गणपतीची आरती खणखणीत वाजू लागली. इथं नोकरीला असलेला मुलगा हिमांशू ओशाळून इकडेतिकडे बघायला लागला. नवरा वैजनाथराव मात्र खूश झाले. सकाळपासून ते सांगत होते की वेरूळला अख्खं देऊळ एका दगडात कोरलंय, इथं नुसता दगडावर दगड रचलाय.

फोन संभाजीनगरहून, शेजारच्या वच्छलाबाईंचा होता.

"ओ पद्माताई, पाणी आलं!" त्या नेहमीसारख्या ओरडल्या.

पद्मजाबाईंनी झटकन पदर खोचला. खोचून झाल्यावर त्यांना कळलं की आपण कुठं उभ्या आहोत.

त्यांच्या भागात पाणी आठवड्यातून एकदा येई. दुष्काळाच्या साली तर त्याचाही भरवसा नसे. त्यात गल्लीत बंगल्यांच्या जागी चार-चार मजले उठले आणि नळाची धार करंगळीएवढी झाली. पाण्याच्या दिवशी घरात माणूस हवं, आणि ते माणूस म्हणजे पद्मजाबाई. त्या दिवशी आलेली लग्नं चुकली, बारशी चुकली. सोयगावहून थोरल्या भावाचा निरोप आला, लवकर ये म्हणून, तेव्हा सकाळचं पाणी नेमकं दुपारवर गेलं होतं. टाकी भरून त्या एसटीत बसल्या. पोचल्या तेव्हा अंगणात माणसं जमली होती. हे त्या कधी कुणाशी बोलल्या नाहीत. पण नळाला धार लागली की त्यांना भाऊ आठवायचा आणि स्वतःचा राग यायचा.

वैजनाथरावांचा पाण्याशी संबंध पिण्यापुरता. चारचौघांत मात्र ते अभिमानाने सांगत, "आमच्याकडे टँकर बोलवायची वेळ आजवर आली नाही."

इथं नॉर्वेत तोटी फिरवली की पाणी. सुरुवातीला पद्मजाबाई सारख्या तोटी उघडून खात्री करून घ्यायच्या. मग हळूहळू विश्वास बसला, आणि आठवड्याचे सगळे वार मोकळे झाले. त्या एकट्या बसने नदीवर जाऊन बसू लागल्या. हे चर्च बघायचा हट्टही त्यांचाच. परतीला अजून महिना होता, आणि तो त्यांना पुरवून पुरवून वापरायचा होता.

"तुमची टाकी भरायलेय बघा," वच्छलाबाई म्हणत होत्या. त्यांचा आवाज एवढा की तिघांनाही ऐकू येत होता. "पर पुढल्या पाण्याला मी नाय. लेकीचं बाळंतपण हाय, तिच्याकडं जायलेय. मिहिर तर दिवसभर कंपनीत. त्याचं कोण भरंल?"

मिहिर म्हणजे धाकटा मुलगा. घरी तो एकटाच होता.

"हिमांशू, आईचं तिकीट पुढच्या आठवड्याचं कर," वैजनाथराव म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पाऊस आलाय, वाळवण उचल, असं सांगावं इतक्या सहज ते बोलले. "पोराचे हाल नकोत. मी ठरल्याप्रमाणे येतो. मला काय, त्या मोटरीचं बटणसुद्धा माहीत नाही."

हिमांशूने आईकडे बघितलं. आई 'बरं' म्हणणार हे त्याला माहीत होतं. पद्मजाबाईंनाही माहीत होतं. 'बरं' अगदी ओठांवर आलंच होतं. इतक्या लांब येऊनही नळ पाठोपाठ आला होता.

त्या पुन्हा विहिरीकडे वळल्या. शेजारी उभी असलेली गाइड मघाशी सांगत होती, ही ओलाव राजाची विहीर. राजाला जिथं पुरलं, तिथं झरा लागला, असं लोक मानत. हे पाणी प्यायला माणसं डोंगर ओलांडून चालत यायची.

"हिमांशू, तिला विचार," पद्मजाबाई म्हणाल्या. "एवढ्या लोकांना हे पाणी काढून द्यायचं कोण?"

हिमांशूने विचारलं. गाइडने थोडा विचार केला आणि मान हलवली. तिला माहीत नव्हतं.

विहीर राजाच्या नावाची. पाणी पिणाऱ्यांच्या गोष्टीही होत्या. काढणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं.

पद्मजाबाईंनी पुन्हा एकदा वाकून त्या काळोखात बघितलं. मग त्यांनी खोचलेला पदर सोडला आणि नीट खांद्यावर घेतला.

"तिकीट बदल, हिमांशू," त्या म्हणाल्या. "पण माझं नको. यांचं."

वैजनाथराव हसले. बायकोचा चेहरा बघितला आणि त्यांचं हसू तोंडातच राहिलं.

"अगं, पण मला ते बटण..."

"दाराच्या मागे आहे. लाल."

फोन अजून चालूच होता. पद्मजाबाईंनी तो कानाला लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या वच्छलाबाईंपेक्षा मोठ्याने बोलल्या.

"वच्छलाबाई, जायच्या आधी गल्लीत सांगून ठेवा. पाणी आलं की आता हाक यांच्या नावाने मारायची."